जंजिऱ्यात खजिना नाही

मुरुडच्या जंजिऱ्यात खजिना नाही. किल्ल्यातून राजपुरीला समुद्राखालून जाणारे भुयार नाही. गोड्या पाण्याच्या तळ्याच्या तळाशी सोन्याच्या विटा नाहीत आणि सुरूलखानाच्या वाड्याच्या भिंतीत हिऱ्यांच्या पेट्या चिणलेल्या नाहीत. हे एका दमात सांगून टाकते, कारण पुढचे बोलणे खजिन्याच्या आशेवर कोणी ऐकू नये.

तासगावात बसून जंजिऱ्यावर लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. आमच्याकडे समुद्र नाही. द्राक्षाचे मांडव आहेत, बेदाण्याच्या शेड आहेत, परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेले सात मजली गोपुराचे गणपती मंदिर आहे. पण दरवर्षी दिवाळीनंतर शाळांच्या सहली निघतात आणि निम्म्या एसट्या कोकणात उतरतात. मुरुड आता सुट्टीचे गाव आहे. वाळूवर उंटगाडी, संध्याकाळी भजी, सकाळी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिरा. होडीवाले पाऊण-एक तास देतात. त्या तासात पाचशे वर्षे उरकायची असतात. मुले परत येतात ती तीन गोष्टी घेऊन : तोफ, भुयार आणि खजिना. पुढे वर्षभर वर्गात मला त्या तीन गोष्टींशी झगडावे लागते.

आता भुयाराचेच पाहा. किल्ला उभा आहे काळ्या कातळाच्या बेटावर. किनारा सुमारे अर्धा मैल लांब. समुद्राच्या तळाखालून, कातळ फोडत, आत झिरपणारे पाणी उपसत, सोळाव्या-सतराव्या शतकात कोणी कसे खणले असेल? १६८२ साली संभाजी महाराजांनी हीच खाडी दगड टाकून बुजवायला घेतली होती. मोगल फौज कल्याणकडे उतरली म्हणून ते काम अर्धवट सुटले. भुयार असते तर एवढा दर्या बुजवायचा उद्योग कोणी केला नसता. एखादा फितूर गाठून भुयाराचे तोंड विचारले असते. फितुरांची वाण त्या काळात कोणत्याच बाजूला नव्हती.

खजिन्याचे तर त्याहून सोपे आहे. सिद्दीकडे पैसा येत होता, हे खरे. बंदरांची जकात होती, हबसाणातल्या गावांचा सारा होता. औरंगजेबाच्या काळापासून मोगली आरमाराचे काम सिद्दीकडे आले. सुरतेची व्यापारी आणि हाजींची जहाजे सांभाळायची आणि त्याचा मोबदला सुरतेच्या महसुलातून घ्यायचा, असा तो व्यवहार होता. शिवाय किनाऱ्यावरची लूट होती, तीही लपवायचे कारण नाही. पण हा पैसा जात कुठे होता? शिबंदीचा पगार, दारूगोळा, जहाजांचे लाकूड आणि शिडे, आणि सर्वांत आधी धान्य. कारण बावीसएक एकरांच्या कातळावर भात पिकत नाही. आतल्या प्रत्येक तोंडाचा घास होडीने आणावा लागतो. शंभर वर्षे ज्याच्या दारात वेढा बसलेला, तो सोने पुरून ठेवत नाही. तो पगार वाटतो. पगार थकला की किल्ल्याचा दरवाजा आतून उघडतो, हे त्या काळच्या प्रत्येक किल्लेदाराला ठाऊक होते.

हे सगळे मुलांना समजते. मोठ्यांना समजत नाही. कारण मोठ्यांना खजिना हवा असतो.

आपल्या सांगली-साताऱ्याकडे हे वेड नवे नाही. प्रत्येक जुन्या वाड्याला एक भुयार असते आणि ते नेहमी शेजारच्या गावच्या देवळात किंवा दर्ग्यात निघते. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीखालचे धन दिसते, असे मानणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत आपलेही आहेत, आमिलाकडे जाणारे, तावीज बांधणारे. डोंगरी किल्ल्यांवर रात्री पहारी घेऊन जाणारे आणि पीराची कबर उकरणारे हेच. गुप्तधनासाठी नरबळी देण्यापर्यंत मजल गेली, म्हणून तर जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा उल्लेख करावा लागला. तो कायदा २०१३ मध्ये झाला, तोही साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात दिवसाढवळ्या खून झाल्यावर. आणि समजा, कोणाला काही सापडलेच, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे : जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही मिळाले तर कलेक्टरला कळवावे लागते. म्हणजे खजिना नाही, आणि असला तरी तुमचा नाही. तरी गोष्ट संपत नाही.

का संपत नाही, याचा मी बराच विचार केला आहे. सिंधुदुर्गही समुद्रातलाच किल्ला. तिथे आजही काही घरे आहेत, शिवराजेश्वराचे मंदिर आहे, पूजा होते, भांडी घासली जातात. त्या किल्ल्यातल्या पुरलेल्या धनाच्या गोष्टी मी कधी ऐकल्या नाहीत. ज्या घरात माणसे राहतात त्या घरात कोणी खजिना शोधत नाही. शोधला तर घरधनी काठी घेऊन बाहेर येतो. जंजिऱ्याच्या आतही वस्ती होती. मशीद होती, घरे होती, लग्ने होत होती. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढच्या काही दशकांत आतली माणसे हळूहळू किनाऱ्यावर गेली. घर रिकामे झाले, आणि मग रिकाम्या घराला खजिना चिकटला. माणसे आठवेनाशी झाली की त्यांच्या जागी सोने आठवू लागते.

या गोष्टींत माणसे येतात ती कशी येतात, तेही पाहण्यासारखे आहे. सर्वांत प्रसिद्ध गोष्ट पिरमखानाची. बेटावर कोळ्यांचा मेढेकोट होता, राम पाटील त्यांचा प्रमुख. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून आला, त्याने दारूची पिंपे उतरवली, कोळी पिऊन पडले आणि पिंपांतून सैनिक बाहेर आले. उर्दू वाचणाऱ्याला ही पिंपे ओळखीची वाटतील. अलीबाबाच्या अंगणात तेलाचे बुधले म्हणून उतरलेले चाळीस चोर हेच. तिकडे मर्जिनाने उकळते तेल ओतले म्हणून चोर मेले. इथे मर्जिना नव्हती म्हणून किल्ला गेला. असेल काही खरे त्यात. पण या गोष्टीने काय केले बघा. चाच्यांपासून वस्ती वाचवायला स्वतःच्या हाताने मेढी रोवणारा राम पाटील चारशे-पाचशे वर्षे दारूडा म्हणून लक्षात राहिला. हबशी लक्षात राहिला कपटी म्हणून. आणि मराठा लक्षात राहिला तो ऐन वेळी हात टेकणारा म्हणून. लाय पाटलाने साथीदारांसह रात्री तटाला शिड्या लावल्या, पण मागून यायची कुमक वेळेत आली नाही, ही गोष्ट आपण सगळे जाणतो. महाराजांनी दिलेला पालखीचा मान त्याने नम्रपणे नाकारला, दर्यात फिरणाऱ्या कोळ्याला पालखी काय करायची म्हणून, आणि मग त्याला ‘पालखी’ नावाचे गलबत मिळाले, असे सांगतात. ही खरी सांगण्यासारखी गोष्ट. होडीत ती क्वचित ऐकू येते. होडीत तोफेचे वजन सांगतात, आणि ते प्रत्येक होडीत वेगळे असते. बुरूज कोणी १९ मोजतो, कोणी २२, कोणी २६.

गाइडवर माझा राग नाही. राजपुरीच्या त्या होड्यांवर कोळी आहेत, मुसलमान आहेत, आणि पावसाळ्याचे महिने धंदा बंद असतो. गिऱ्हाईक जे मागते ते तो देतो. माझा राग मागणाऱ्यांवर आहे.

चार-पाच वर्षांपूर्वी मी सातवीची मुले घेऊन गेले होते. गाइडने दरवाज्यावरचे शिल्प दाखवले, वाघाने पंजांत हत्ती धरले आहेत ते. आमची मुले उर्दू माध्यमाची. चौथीत त्यांनी ‘शिवछत्रपती’ वाचलेले असते, बालभारतीचेच, उर्दूत. त्यात स्वराज्यापुढच्या सत्तांमध्ये मोगल, आदिलशाही, पोर्तुगीज यांच्याबरोबर सिद्दी येतो. गाइड सांगत होता की इतक्या वेळा हल्ले झाले, पण सिद्दीने किल्ला दिला नाही. एका मुलाने माझी ओढणी ओढून हळूच विचारले, “टीचर, अपन कौनसी बाजू के? अंदर के, के बाहर के?”

मी त्याला म्हटले, आपण तासगावचे. तो हसला. त्याचे समाधान झाले नव्हते, हे मला दिसत होते. किल्ल्याच्या आतले की बाहेरचे, हा प्रश्न त्याला कोणी शिकवला नव्हता. तो हवेतच आहे. क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी असतो, तसा.

या प्रश्नाला आपल्या लोकांनी दोन उत्तरे तयार ठेवली आहेत. दोन्ही मला मान्य नाहीत.

पहिले उत्तर सभांमध्ये दिले जाते : आपण बाहेरचे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या बाजूचे. मग नावांची यादी येते. आरमारात दौलतखान होता, सिद्दी मिस्री होता, अमुक होता, तमुक होता. यादी खरी आहे. दौलतखानाने सिद्दीशी समुद्रात झुंज घेतली हेही खरे. पण ही यादी आपण इतक्या वेळा वाचून दाखवली आहे की ती आता इतिहास राहिली नाही, ओळखपत्र झाली आहे. पोलिसाने अडवल्यावर खिशातून काढून दाखवायचे ओळखपत्र. दौलतखान दर्यात उतरला तो आपल्या नातवंडांची निष्ठा सिद्ध करायला उतरला नव्हता.

दुसरे उत्तर घरात, दार लावून दिले जाते : आपण आतले. आणि मग डोळे चमकतात. “जंजिरा किसीसे गिरा नहीं.” अजिंक्य! मी ही फुशारकी शिकलेल्या लोकांकडून ऐकली आहे, वकिलांकडून, माझ्याच पेशातल्या लोकांकडून. तिच्याबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण खजिन्याची दंतकथा दुसऱ्यांची आहे, ही आपली आहे.

जंजिरा पडला नाही, पण त्याचे धनी बदलत गेले. निजामशाही होती तोवर सिद्दी तिचे चाकर. १६३६ मध्ये ती बुडाल्यावर आदिलशाहीचे. १६७० च्या सुमारास फत्तेखान किल्ला महाराजांच्या हवाली करायला निघाला, तेव्हा त्याच्याच माणसांनी, सिद्दी संबळ, कासीम आणि खैरियत यांनी, त्याला कैद केले आणि औरंगजेबाची चाकरी धरली. १७३३ पासूनच्या पेशव्यांच्या मोहिमेत किनाऱ्यावरचा मोठा मुलूख गेला. १७३६ मध्ये चिमाजीअप्पांशी लढताना सिद्दी सात मारला गेला. पुढे घराण्यात भांडण झाले, एक दावेदार १७९१ मध्ये पेशव्यांशी करार करून सुरतेजवळ सचीनला गेला आणि तिथे वेगळे संस्थान झाले. एकोणिसाव्या शतकात इंग्रज वरचे धनी झाले. तट शाबूत राहिला, एवढाच काय तो पराक्रम. यात अभिमान वाटायचाच असेल तर तो दगड रचणाऱ्या पाथरवटांचा वाटावा. त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत.

आणि मुळात हे सिद्दी कोण होते? इथे मला माझ्या विषयाची, म्हणजे भाषेची, थोडी मदत घेऊ द्या. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट यावरून आला. मराठीने त्यात अनुस्वार घातला आणि तो इतका आपला केला की जुन्या कागदांत ‘जंजिरे विजयदुर्ग’ असेही लिहिलेले सापडते. एका बेटाचे नाव सगळ्या पाणकोटांचे झाले. काही जण जंजीर म्हणजे साखळी असा अर्थ लावतात, तो चूक. ‘सिद्दी’ म्हणजे सय्यिदी, माझे धनी. ‘हबशी’ म्हणजे हबश देशाचा, आजच्या इथिओपियाकडचा. ‘खजिना’ही अरबीच. आता सिद्दी सरदारांची नावे वाचा. याकूत म्हणजे माणिक. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे मौल्यवान सुगंधी द्रव्य. संबळ म्हणजे मूळ सुंबुल, एक सुगंधी वनस्पती. बिदरचा किल्लेदार मर्जान, म्हणजे पोवळे. त्याआधी दिल्लीचा काफूर, म्हणजे कापूर. त्याचे टोपणनाव ‘हजार दिनारी’, कारण तेवढ्याला त्याला विकत घेतले होते.

ही आईबापांनी ठेवलेली नावे नव्हेत. गुलामांच्या बाजारात ठेवलेली नावे आहेत. जहाजावर माणिक, पोवळे, कापूर, अंबर हा माल यायचा आणि त्याच जहाजावर माणसे यायची, म्हणून माणसांनाही मालाची नावे. मलिक अंबरचे मूळ नाव चापू होते. १५४८ च्या सुमाराचा जन्म, लहानपणी विकला गेला, हातोहात विकला जात बगदादला पोहोचला, तिथे त्याचा अंबर झाला, आणि शेवटी अहमदनगरच्या चंगेजखानाने त्याला घेतले. तो चंगेजखानही हबशीच, एके काळचा गुलामच. ज्याला विकले, तोच पुढे विकत घेऊ लागला. दख्खनमधल्या हबशांची ही सगळी कहाणी आहे, आणि तिच्यात अभिमान आणि शरम यांची गाठ इतकी घट्ट आहे की एकाला हात घालावा तर दुसरे बरोबर निघते.

खजिना शोधणाऱ्यांना मी हेच सांगते. याकूत सापडेल, अंबरही सापडेल, पण त्या दोघांना आई होती.

आपल्या फुशारकीवाल्यांनाही सांगायचे आहे. बाळाजी आवजी चिटणिसांची हकिकत चिटणीस घराण्याच्या परंपरेत सांगतात : त्यांचे वडील सिद्दीच्या नोकरीत होते, सिद्दीने त्यांना मारले आणि बायकोमुलांना विकायला पाठवले, राजापुरात तिच्या भावाने त्यांना विकत घेऊन सोडवले. तो मुलगा पुढे महाराजांचा चिटणीस झाला. तपशिलात इकडेतिकडे असेल. पण किनाऱ्यावरून माणसे पकडून नेणे आणि विकणे त्या काळी सिद्दी करत होता, पोर्तुगीज करत होता, इतरही करत होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेल्यांची पोरे कोकणच्या किनाऱ्यावरची पोरे पकडू लागली. हे आपण आपल्या मुलांना सांगणार आहोत की नाही? की फक्त “गिरा नहीं” एवढेच सांगणार? इस्लामने गुलामांना मुक्त करणे सवाबाचे मानले, हजरत बिलाल हबशींना अजान दिली, हे आपण मिलादच्या प्रत्येक मजलिसीत ऐकतो. ते ऐकून घरी येतो आणि सावळ्या मुलीच्या बापाला नाही म्हणून कळवतो.

हे मी उगाच ओढून आणलेले नाही. ‘हबशी’ हा शब्द आज आपल्या घरांत कशासाठी वापरतात? अधाशासारखे खाणाऱ्यासाठी, आणि काळ्या रंगाला हिणवण्यासाठी. मराठीत तोच, दखनीतही तोच. माझ्या वर्गात तो शिवी म्हणून ऐकला तर मी शिक्षा करते आणि पालक मला विचारायला येतात, की टीचर, त्यात एवढे काय. ज्यांच्या नावाने दार लावून छाती फुगवायची, त्यांचेच नाव दार उघडले की शिवीसाठी वापरायचे! त्यात बिरादरीचे निराळे. बागवान, मोमीन, मुलाणी, पिंजारी, अत्तार. एका सफीत खांद्याला खांदा लावून नमाज पढतात आणि सोयरिकीच्या वेळी जात काढतात. या लोकांना जंजिऱ्याचा वारसा हवा आहे. यांतल्या एकाही घरात सिद्दी जावई चालणार नाही.

आणि सिद्दी काही गोष्टीतले प्राणी नाहीत. बेळगावपासून फार लांब नाही, उत्तर कन्नडच्या हल्याळ-यल्लापूरच्या रानात ते राहतात. कोकणी बोलतात, काही मराठीही. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, आणि तिन्ही एकमेकांना सिद्दी म्हणून ओळखतात. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीत घातले, तोपर्यंत त्यांची गणती कुठेच नव्हती. जंजिऱ्याच्या नवाबाशी त्यांचे थेट नाते लावायची गरज नाही. दोघांचे पूर्वज त्याच समुद्रावरून आले. एकाच्या हातात तलवार पडली, दुसऱ्याच्या कोयता. आपल्या संमेलनांत पहिल्यावर भाषणे होतात, दुसऱ्याला कोणी बोलावत नाही.

आता “अपन कौनसी बाजू के” याचे उत्तर. आत आणि बाहेर अशी दोन घरे नव्हतीच. कोळी आत होता आणि बाहेरही. मुसलमान आत होता आणि बाहेरही. सिद्दीच्या चाकरीत हिंदू कारकून होते, महाराजांच्या आरमारात सिद्दी होता. रयत मात्र सगळीकडून मार खात होती. साराही द्यायचा आणि पोरेही लपवायची. माझी मुले त्या रयतेची आहेत. हे मी त्या मुलाला तिथे सांगू शकले असते तर बरे झाले असते, पण मागून होडीवाला ओरडत होता, वेळ संपला म्हणून.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले : रायगड, प्रतापगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, खांदेरी वगैरे, आणि तमिळनाडूतली जिंजी. आमच्याकडे काहींनी लगेच तोंड वाकडे केले, जंजिरा का नाही म्हणून. अहो, यादी मराठ्यांच्या लष्करी किल्ल्यांची. जो मराठ्यांना मिळालाच नाही, तो त्यांच्या यादीत कसा असेल? रडायला कारण हवे म्हणून रडू नये. भारतीय पुरातत्त्व खात्याकडे किल्ला संरक्षित आहे. त्यांच्याकडे मागायचे ते मागा. दरवाज्यावरच्या फारसी लेखाचा मराठी आणि उर्दू तर्जुमा तिथेच, उन्हापावसात टिकेल अशा पाटीवर मागा. आतल्या वस्तीचा नकाशा मागा : मशीद कुठे, घरे कुठे, पाणी कोण कुठून भरत होते. त्यासाठी आपण किती अर्ज केले?

उलट आपल्या हातात होते, तेही आपण सांभाळले नाही. जंजिऱ्याच्या नवाब सिद्दी अहमदखानांच्या बेगम नाजली या फैजी घराण्यातल्या. १९०८ मध्ये त्या युरोपला गेल्या आणि ‘सैर-ए-युरोप’ हे पुस्तक त्यांनी उर्दूत लिहिले. कोकणच्या एका छोट्या संस्थानातली बाई, त्या काळी, उर्दूत प्रवासवर्णन लिहिते! त्यांची बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये लंडनला शिकायला गेली, तिची रोजनिशी ‘जमाना-ए-तहसील’ नावाने छापली गेली. शिबली नोमानी जंजिऱ्याला पाहुणे म्हणून आले; अतिया आणि झोहरा या बहिणींना त्यांनी लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने निघाली. इक्बाल यांची अतियाला लिहिलेली पत्रेही छापलेली आहेत. मुरुडच्या डोंगरावरचा तो राजवाडा बसच्या खिडकीतून सगळे पाहतात आणि ‘नवाबाचा खजिना’ म्हणतात. तिथे एका बाईचे टेबल होते, तिच्या हातात लेखणी होती, हे मराठी मुसलमानांपैकी किती जणांना ठाऊक आहे? ही पुस्तके मराठीत आणायला आपल्यापैकी कोणी बसल्याचे मी ऐकलेले नाही. आपण मराठी मुस्लिम साहित्य म्हणतो तेव्हा त्यात अतिया आणि नाजली कुठे बसतात, यावर एखादा परिसंवाद घ्यायला काय हरकत आहे?

अडचण कुठे आहे, मला माहीत आहे. मोडी वाचणाऱ्याला फारसी येत नाही, फारसी येणाऱ्याला मोडी येत नाही, आणि उर्दूच्या आम्हा शिक्षकांना दोन्ही येत नाही, आम्हाला जनगणना आणि निवडणुकीच्या याद्या येतात. पण मोडीचे वर्ग निघतात, तिथे आपले किती जातात? अलिफ-बे येणाऱ्या मुलाला फारसी अक्षर अर्धे आधीच येते. त्याला मोडी शिकवली तर जंजिऱ्याच्या दोन्ही बाजूंचे कागद वाचू शकणारा माणूस तयार होईल, आणि तसा माणूस आज दोन्ही बाजूंना हवा आहे.

हे वाचून काही जण म्हणतील, आत्ताच कशाला? सगळीकडून आपल्यावर बोट रोखलेले असताना सिद्दीच्या गुलामांच्या व्यापाराची गोष्ट आपणच कशाला काढायची, घरचे उणे चव्हाट्यावर कशाला? हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले तेव्हा त्यांनाही हेच ऐकवले होते : आत्ताच कशाला. तेव्हापासून पन्नास-पंचावन्न वर्षे गेली, योग्य वेळ काही आली नाही. आणि गप्प राहून मिळाले काय? आपण सांगितले नाही म्हणून गोष्ट थांबली नाही. ती दुसऱ्याने सांगितली, त्याच्या रंगात, मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत, खाली भुयार आणि वर खजिना. त्याला खोडायला आपल्याकडे एक कागद नाही, एक पुस्तक नाही. फक्त ‘अजिंक्य’ हा शब्द आहे.

मुरुड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या कितीतरी घरांत संस्थानाच्या काळातले कागद असतील : सनदा, निकाहनामे, जमिनीच्या पावत्या, मुंबईहून किंवा आफ्रिकेतून आलेली उर्दू पत्रे. त्या घरांतल्या लोकांना माझी विनंती आहे, आणि हे वार्षिक त्या घरांत जाते म्हणून ती इथे करते. पुढच्या वेळी माळा साफ कराल तेव्हा ती ट्रंक रद्दीवाल्याला देऊ नका. वाळवी लागलेली असली तरी देऊ नका. ज्याला वाचता येईल असे कोणी भेटेपर्यंत ती जुन्या सुती लुंगीत गुंडाळून, जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवा, आणि आत काय काय आहे याची एक साधी यादी, मराठीत किंवा उर्दूत, वर लावून ठेवा.